जुनी जिप्सी की जुनी थार: रविवार कुठल्या गाडीखाली घालवायचे?

ट्रेलला, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घेऊन, जायचं ठरलं की मित्रांच्या टोळक्यात पहिली चर्चा गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटची, रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या विंचची आणि छतावरच्या दिव्यांची होते. कुठल्या गाडीवर हे सगळं चढवायचं, हा प्रश्न मागे राहतो. सेकंडहँड गाडी घेऊन ती शनिवार-रविवार आपणच खोलायची, जोडायची आणि सह्याद्रीच्या चिखलात न्यायची असेल, तर आजही दोनच नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: मारुती जिप्सी किंग आणि 2020 च्या आधीची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली). नवी थार, जिम्नी, गुरखा इथे धरलेल्या नाहीत. त्या घेणाऱ्याने वॉरंटी संपेपर्यंत पाना हातात न घेतलेलाच बरा.

चढावर कोण सरस, यावर या दोन गाड्यांचे वाद होतात आणि ते संपत नाहीत. मी दुसरीकडून बघतो. कुठली गाडी कशी बंद पडते, आणि बंद पडल्यावर चार मित्रांना ती उघड्यावर चालू करता येते का? ज्याला घ्यायची आहे त्याच्या उपयोगाचं उत्तर इथे मिळतं.

आधी कागदावरचे आकडे.

| | जिप्सी किंग (एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली) | थार सीआरडीई |
|---|---|---|
| इंजिन | 1298 सीसी पेट्रोल | 2498 सीसी टर्बो डिझेल |
| ताकद | 80 अश्वशक्ती | 105 अश्वशक्ती |
| टॉर्क | 103 न्यूटन मीटर | 247 न्यूटन मीटर |
| वजन | सुमारे 1 टन | सुमारे पावणेदोन टन |
| पुढचं सस्पेन्शन | अखंड अॅक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग) | स्वतंत्र, टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) |
| मागचं सस्पेन्शन | अखंड अॅक्सल, पाटे | अखंड अॅक्सल, पाटे |

यातली वजनाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. जिप्सीत ताकद कमी असली तरी ओढायचं वजनही कमी आहे, म्हणून ओल्या मातीत ती वरवर तरंगत निघून जाते. थार रुतते तेव्हा नीट रुतते. मात्र तिचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच हाताशी असतो, त्यामुळे दगडांच्या पायऱ्यांवर क्लच सोडून द्या, अॅक्सिलरेटरला पायही न लावता ती चढत राहते. जिप्सीचा पूर्ण टॉर्क साडेचार हजार आरपीएमला येतो. तिला पळवावं लागतं, आणि नवखा माणूस अशा ठिकाणी हमखास क्लच जाळतो.

जिप्सीखाली काय सापडतं

जिप्सी 1985 मध्ये 970 सीसी इंजिन घेऊन आली, 1996 मध्ये किंग झाली आणि 2000 मध्ये तिला एमपीएफआय इंजिन मिळालं. मूळ ढाचा मात्र शेवटपर्यंत सुझुकीच्या एसजे गाड्यांचाच राहिला. याचा फायदा असा की, बाहेरच्या देशांत समुराई नावाने विकल्या गेलेल्या गाडीसाठी जे जे बनलं, त्यातलं बरंच काही हिलाही बसतं. शिवाय पुण्यात नाना पेठेत अर्धा दिवस फिरलात तर बुश, सील, बेअरिंग, क्रॉस यांतलं बहुतेक सगळं हाती लागतं.

जिप्सीचं ठरलेलं दुखणं म्हणजे स्टिअरिंगची थरथर. साठ-सत्तरच्या वेगात एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं वेड्यासारखी डोलायला लागतात. ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय सुटका नसते. बहुतेक गॅरेजवाले नवा स्टिअरिंग डॅम्पर लावून गाडी परत देतात. त्याने थरथर दबते, जात नाही. पुढच्या अॅक्सलच्या टोकाला चाक वळवणारा नकल असतो आणि तो वर-खाली दोन किंगपिन बेअरिंगवर फिरतो. ती बेअरिंग झिजली की नकलमध्ये खेळ येतो. खरं काम इथलं आहे: नकल उघडायचा, दोन्ही बाजूंची मिळून चारही बेअरिंग बदलायची, शिम (पातळ चकत्या) घालून ताण बसवायचा आणि तो अंदाजाने न बघता साध्या स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढून तपासायचा. नकल उघडलाच आहे तर सीलही बदला. चाकामागच्या गोळ्यावर काळं चिकट राड साचलेलं दिसलं, तर डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल ग्रीसमध्ये मिसळून बाहेर येतंय असं समजायचं. कामाला सवयीचा हात लागतो, पण मशीन लागत नाही. दोन मित्र, एक जॅक, दोन स्टँड आणि एक रविवार एवढ्यात होण्यासारखं आहे.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरी माउंटवर टांगलेला असतो. रबर फाटलं की गिअर लिव्हर खडखडायला लागतो आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स गेला. विकणाऱ्यालाही अनेकदा तसंच वाटतं, त्यामुळे अशी गाडी स्वस्तात पडू शकते.

गंजाला मात्र स्वस्त उपाय नाही. मॅट उचलून पत्रा बघा, बॉडी माउंट बघा आणि पाट्याची शॅकल जिथे चेसिसला जोडलेली आहे तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा नवा घालता येतो. चेसिस कुजलेली असेल तर दर कितीही उतरू दे, घरी या. कोकणात वाढलेल्या गाड्यांबाबत तर दुप्पट सावध राहायचं.

थारखाली काय सापडतं

सीआरडीई थार ऑक्टोबर 2010 मध्ये आली. 2015 च्या बदलात तिला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळालं. एक चाक हवेत फिरायला लागलं की हे आपोआप लॉक होतं आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, बटण दाबायचं नाही. जिप्सीत असं काही नाही. तिथे लॉकर हवा असेल तर बाहेरून मागवा, पैसे मोजा, आणि बसवणारा माणूस शोधा. म्हणून थार घ्यायची तर 2015 च्या नंतरचीच घ्यावी. आधीची बरीच स्वस्त मिळत असेल तरच विचार करावा.

थारची झीज पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये साचते: खालचे बॉल जॉइंट, आर्मचे बुश, हाफ शाफ्टवरचे रबरी बूट. बूट फाटला की चिखल आत जातो, ग्रीस बाहेर येतं, आणि वळताना टकटक सुरू होते. इथपर्यंतचं काम घरी होतं. पण बॉल जॉइंट दाबून काढायला प्रेस लागतो, आणि मग गाडी कुणाच्या तरी गॅरेजवर न्यावीच लागते. ज्या गाड्यांत पुढचे हब (चाक शाफ्टला जोडणारे भाग) व्हॅक्यूमने जोडले जातात, तिथे नळीला बारीक चीर गेली तरी फोर-व्हील लागत नाही, आणि हे कळतं ते चढाच्या मध्यावर. हाताने फिरवायचे हब लावणं हा जुना, चालणारा इलाज आहे.

थारवर एक स्वस्त उद्योग सर्रास चालतो: टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढून गाडी उचलायची. दिसायला दोन इंच उंच दिसते, फुकटात होतं, म्हणून सगळे करतात. पण सस्पेन्शनचा प्रवास त्याने वाढत नाही, नुसता वर सरकतो. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, बॉल जॉइंट आणि हाफ शाफ्ट वाकड्या कोनात काम करत राहतात, आणि खड्ड्यात गाडी धाडकन आदळते. अशी गाडी बघायला गेलात तर आधी बोल्टांवरचे ताजे पान्याचे व्रण शोधा.

इंजिन दणकट आहे, पण कॉमन रेल आहे. डिझेलात पाणी किंवा कचरा चालत नाही, आणि एखादा सेन्सर रुसला तर पाना काही सांगत नाही, स्कॅनर लागतो. टोळक्यात एकाकडे तरी ओबीडीचा छोटा डोंगल, म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर, असायला हवा. जिप्सीतही ईसीएम (इंजिनाचा संगणक) आहेच, पण तिथे गोंधळ घालायला भागच कमी आहेत.

दोन्हींत आधी करायची कामं

दोन्ही गाड्यांत पैसा आधी टायरांवर. आपल्याकडची काळी चिकण माती ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीच्या) टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. तिथे खोल खाचांचा मड-टेरेनच चालतो. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या वाटांवर आणि घाटाच्या ओल्या डांबरावर मात्र ऑल-टेरेन बरा. महिन्यातून एकदा ट्रेल आणि रोज ऑफिस असं गणित असेल तर मड-टेरेनच्या घरघरीला घरचे लोक आठवडाभरात कंटाळतात.

जिप्सीवर मोठे टायर घालताना एक हिशेब करा. किंगचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिलिमीटर व्यासाचा भरतो. लोकांचा आवडता 235/75 आर 15 भरतो 733, म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. तेवढ्याच प्रमाणात गिअरिंग लांब होतं, म्हणजे प्रत्येक गिअरमधली ओढ कमी होते, आणि 103 न्यूटन मीटरवाल्या इंजिनाला ते जाणवतं. पाचवा गिअर घाटात नावापुरता उरतो. थारचा कंपनीचा 235/70 आर 16 टायर आधीच 735 चा आहे. म्हणजे जिप्सीला खर्च करून जिथे पोचवायचं, तिथून थार सुरुवात करते.

ओढे ओलांडायचे असतील तर डिफरन्शियलच्या ब्रीदरना (हवा आत-बाहेर होण्याच्या छिद्रांना) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधा. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. परत आल्यावर ऑइल दुधाळ निघालं की हेच झालेलं असतं. या नळीला काहीशे रुपये लागतात. स्नॉर्कलच्या (इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीच्या) आधी हे करा.

विंचचं माप भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट धरतात. थारला सहसा साडेनऊ हजार पौंडांचा बसवतात, जिप्सीला त्याहून बराच लहान पुरतो. पण दोन-तीन गाड्या एकत्र जाणार असतील तर विंचचे पैसे वाचवून चांगला कायनेटिक (ताणला जाऊन झटका शोषणारा) दोर, तो अडकवायला योग्य क्षमतेचे शॅकल आणि चेसिसला पक्के बसवलेले टो-हुक घ्या. मागच्या टो-बॉलला दोर कधीही अडकवू नका. तो तुटला तर गोळीसारखा येतो. टोळक्याने गाड्या निवडताना हेही लक्षात घ्यावं की थार जिप्सीला सहज ओढून काढते. रुतलेल्या थारला एकटी जिप्सी काढेल, याची खात्री मी देणार नाही.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये यावर ठाम शिक्का मारला. पुढच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदी आणली. उंच लिफ्ट, बाहेर आलेले टायर, बुलबार हे सगळं ट्रेलवर कितीही शोभलं तरी ट्रेलपर्यंतचा रस्ता सार्वजनिक आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते. मोठे बदल नकोत, असं म्हणण्यामागे माझं हे एक कारण आहे. दुसरं कारण असं की मूळ उंचीवरच्या, नीट दुरुस्त केलेल्या गाडीला सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा पुरून उरतात.

मग कुणी काय घ्यावं

दोघेच जाणार, ट्रेल घरापासून दोन-तीन तासांवर, हाताला ग्रीस लागलेलं आवडतं आणि टोळक्यात किमान एकाला गाडी उघडता येते, तर जिप्सी. प्रवासात आवाज, उन्हाळ्यात घाम आणि पाट्यांचे धक्के सोसावे लागतील. पेट्रोलही बऱ्यापैकी पिते.

कुटुंब सोबत, सामान जास्त, पुण्याहून स्पितीपर्यंत जायचा बेत, किंवा टोळक्यातले सगळे हौशी पण कुणीच फिटर नाही, तर 2015 नंतरची थार. दुरुस्तीचं बिल मोठं येईल, पण एसी आहे, लॉकिंग डिफरन्शियल आहे, आणि वाटेत कुठल्याही तालुक्याच्या गावी महिंद्राचं काम करणारा माणूस भेटतो.

टोळक्यात एक थार आधीच असेल तर माझं मत बिनदिक्कत दुसरी गाडी म्हणून जिप्सीला. हलकी गाडी पुढे जाऊन वाट तपासते, जड गाडी मागून येते आणि लागलं तर ओढते.

बघायला जाताना स्वतःचा जॅक न्या. पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून खेळ बघा. फोर-लो (चारही चाकांचा हळू, जोरदार गिअर) लावून मातीवर दहा मीटर पुढे-मागे न्या. गाडी उभी असताना लिव्हर पडतो म्हणून समाधान मानू नका. चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, सैन्याच्या लिलावातून आलेल्या जिप्सीचा तर नक्कीच. आणि 15 वर्षं उलटलेली गाडी असेल तर फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर विकणाऱ्याने भरलेत की तुमच्या गळ्यात घालतोय, हे टोकन देण्याआधी विचारा.