लग्नाच्या पंचविशीला क्रूझ : ग्रीस, नॉर्वे की अलास्का? आम्ही अलास्का केलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

मे २०२५ मध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. हॉल, केटरिंग, दोनशे माणसं असलं काही नको, दोघांनीच कुठेतरी लांब बोटीने जायचं हे वर्षभर आधीच ठरलं होतं, पण कुठे जायचं हे ठरायला सात महिने गेले. मला ग्रीसचं सॅंटोरिनी बेट हवं होतं आणि ह्यांना बर्फ. शेवटी आम्ही सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ केली. आल्यापासून ओळखीतले चार-पाच जण विचारून गेले की कसं ठरवलं, पैसे वसूल झाले का, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आधी जे बाद केलं त्याबद्दल. मुंबई-गोवा-लक्षद्वीप आम्ही दोन वर्षांपूर्वी कॉर्डेलिया कंपनीच्या बोटीने केलं होतं, मजा आली होती. ज्यांनी कधीच क्रूझ केली नाही त्यांनी खरंच तिथूनच सुरुवात करावी, व्हिसा नाही, विमान नाही, टॅक्सीने बॅलार्ड पियरला जायचं आणि चढायचं, आपल्याला समुद्र सोसतो की नाही तेही कळतं. सिंगापूर-पेनांग-फुकेत पण चांगलं आहे, तीन ते पाच रात्रींत होतं, म्हातारे आईवडील आणि लहान मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून तेच घ्या, फक्त सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा कारण बोट फिरून परत तिथेच येते. पण पंचविशीसाठी आम्हाला आयुष्यात एकदाच होईल असं काहीतरी हवं होतं.

तर ग्रीस. माझ्या डोक्यात ते निळे घुमट आणि पांढऱ्या भिंती कित्येक वर्षांपासून होत्या, त्यामुळे मी अगदी खोलात जाऊन माहिती काढली आणि जसजशी काढत गेले तसतसं माझंच मन बदलत गेलं. सॅंटोरिनी म्हणजे ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड आहे, कडा सरळ समुद्रात उतरतो, मोठ्या बोटी धक्क्याला लागतच नाहीत. बोट मध्येच उभी राहते आणि तुम्हाला छोट्या होडीने काठावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. माझ्या सासूबाई मालवणच्या, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आमचा पडावच की गं." भाऊच्या धक्क्यावरून निघणारी कोकणची बोट मालवणला आली की अशीच लांब उभी राहायची आणि पडावातून सामानासकट उतरायला लागायचं, पोरं कडेवर, ट्रंका डोक्यावर. आता सॅंटोरिनीत त्या होडीतून उतरल्यावर वर फिरा नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या, नाहीतर गाढव. गाढवावर आम्ही बसणार नाही, उन्हातान्हात त्या मुक्या जनावराला कशाला त्रास. ह्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, त्यामुळे पायऱ्या बाद. उरली केबल कार, आणि एका दिवसात तीन-चार बोटी आल्या असतील तर तिची रांग इतकी लांब जाते की हातात असलेल्या सहा-सात तासांतला मोठा भाग रांगेतच जातो. आणि ज्या सूर्यास्तासाठी जायचं तो बघायला मिळेलच असं नाही कारण पुष्कळ बोटींची निघायची वेळ त्याच्या आधीची असते. त्यात जुलै २०२५ पासून ग्रीसने सॅंटोरिनी आणि मायकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर गर्दीच्या सीझनमध्ये माणशी २० युरो कर लावला. माझं स्पष्ट मत झालं की सॅंटोरिनीला विमानाने किंवा फेरीने जाऊन तीन दिवस राहावं, क्रूझने जाऊन पाच तास बघू नये.

नॉर्वेने मात्र आम्हाला शेवटपर्यंत अडकवून ठेवलं. गायरांगर फ्योर्ड, दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, मधून धबधबे आणि त्या चिंचोळ्या पाण्यातून बोट आत आत जाते. फ्लोमला उतरलं की ती प्रसिद्ध रेल्वे, २० किलोमीटरात समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या वर चढते. खरं सांगायचं तर निसर्गात अलास्का आणि नॉर्वे यात डावं-उजवं करता येत नाही. पण नॉर्वेच्या बऱ्याच क्रूझ इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघतात, म्हणजे यूकेचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा. जर्मनी किंवा डेन्मार्कमधून निघणारी घेतली तर एका शेंगेनवर भागतं, पण उन्हाळ्याच्या तोंडावर शेंगेनची अपॉइंटमेंट मिळवताना जीव जातो. इकडे आमचा मुलगा सिएटलला शिकतो, आमचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर होताच. म्हणून अलास्का.

पण या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट मला पक्की कळली आणि ती कोणत्याच ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. काही ठिकाणं बोटीतून उतरून बघायची असतात आणि काही बोटीतूनच बघायची असतात. रोम, अथेन्स, बार्सिलोना ही उतरून बघायची, तिथे बोट म्हणजे नुसतं फिरतं हॉटेल, आणि शहर मिळणार एक दिवस. अलास्का आणि नॉर्वेत पाण्याचा रस्ता हीच बघायची जागा आहे, चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसलात तरी प्रवास सार्थकी लागतो. खास दिवसासाठी जायचं असेल, दोघांतल्या एकाला चालायचा त्रास असेल, तर दुसऱ्या प्रकारचं ठिकाण घ्या.

आता व्हिसा, इथे आमचं जवळजवळ सगळं फिसकटलं होतं. आम्ही ज्या एजंटकडून बुकिंग केलं (नाव लिहीत नाही) त्याने छातीठोकपणे सांगितलं की बोट अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येते, अमेरिकेचा व्हिसा पुरे. हे साफ चूक आहे. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे, त्याप्रमाणे दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली असलेली बोट नुसती अमेरिकेतलीच बंदरं करून प्रवासी परत आणू शकत नाही, मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, आणि बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ बोटींचा झेंडा बहामा, पनामा, नेदरलँड्स असलाच असतो. म्हणून सिएटलच्या बोटी परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्ही तिथे उतरा किंवा नका उतरू, भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, नसेल तर सिएटललाच चढू देत नाहीत. मुलाने निघायच्या तीन महिने आधी तिकिटावरचा बारीक मजकूर वाचला म्हणून कळलं, मग धावपळ करून अर्ज केला आणि पासपोर्ट हातात आला तो निघायच्या नऊ दिवस आधी. त्या तीन महिन्यांत माझी झोप उडाली होती. तुम्ही तरी असं करू नका, दोन्ही व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्रीच हवा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे ग्लेशियर बे. सगळ्या अलास्का क्रूझ ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये जात नाहीत! तिथे दिवसाला फक्त दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, बाकीच्या दुसऱ्या हिमनद्यांकडे जातात, त्याही सुंदरच असतील. पण आम्ही ग्लेशियर बे नावाने लिहिलेलं आहे ते बघूनच बोट निवडली आणि त्याचं समाधान अजून आहे.

सिएटलहून निघाल्यावर पहिली रात्र आणि दुसरा दिवस मला बोट लागली, अगदी वाईट लागली. कारण सिएटलची बोट व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जाते. व्हँकुव्हर शहरातून निघणाऱ्या बोटी बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून जातात, तिथे एवढं हलत नाही. मला अ‍ॅव्होमिन आणि आलेपाक यांनी तारलं, आलेपाकाचा डबा सासूबाईंनी आग्रहाने बॅगेत घातला होता. बोट बुक करताना जमेल तितक्या खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं.

जूनोला आम्ही देवमासे बघायला छोट्या बोटीने गेलो. हे हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाई बेटांपाशी जातात, तिथे पिल्लं होतात, तिथे जवळजवळ काही खात नाहीत आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात, म्हणजे बाळंतपण एकीकडे आणि पोटापाण्याला दुसरीकडे. आम्हाला पाच दिसले, एक मायलेकराची जोडी होती. आणि हो, जूनो अलास्काची राजधानी आहे पण बाहेरून तिथे रस्ताच जात नाही, विमान नाहीतर बोट.

स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे घेतली, घ्याच. १८९८ च्या सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतलेली तीन फुटी नॅरोगेज, साधारण ३२ किलोमीटरात पावणेनऊशे मीटर चढते. माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाला त्या वळणांवर घरच्यासारखं वाटतं, फक्त खाली दरीत अजून बर्फ. सोनं शोधायला निघालेल्यांना कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा, म्हणजे जवळजवळ एक टन सामान असल्याशिवाय हद्द ओलांडू देत नसत, आणि ती माणसं ते सामान पाठीवर थोडं थोडं करून खेपा घालत वर नेत. जुनी पायवाट गाडीतून दिसते. ती बघून हे कितीतरी वेळ गप्प बसले होते.

केचिकन ठीक. टोटेमचे, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांच्या कुळचिन्हांचे, कोरीव खांब बघण्यासारखे आहेत, पण आम्हाला पाऊस लागला. वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, कोकणातल्या माणसाला आकडा नवा नाही, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिथे बाराही महिने रिपरिप.

आता ग्लेशियर बेचा दिवस. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फ होता. आता त्याच जागेतून बोट साधारण १०० किलोमीटर आत जाते तेव्हा कुठे टोकाला मार्जरी ग्लेशियर येतं. पाण्यावर वीस मजल्यांच्या वर उंच निळसर भिंत, दीडेक किलोमीटर रुंद. बोट तिच्यासमोर थांबते आणि हळूहळू गोल फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांतून सगळ्यांना दिसतं, त्यामुळे डावी की उजवी बाजू याची चिंता करू नका.

तिथे आवाज ऐकायचा असतो. पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत असतात आणि त्यात अडकलेली जुनी हवा सुटताना बारीक तडतड होते, लांबच्या स्वयंपाकघरात कुणीतरी मोहरीची फोडणी घातल्यासारखी. डेकवर एवढी माणसं पण कुणी बोलत नव्हतं. मग भिंतीचा एक भाग सुटला. आधी नुसता दिसला, आवाज नाही, पांढरा धूर उडावा तसा तो खाली गेला आणि मग क्षणभराने ढगाचा गडगडाट व्हावा तसा आवाज आमच्यापर्यंत आला. तिथले मूळचे लोक, त्लिंगिट, याला पांढरी मेघगर्जना म्हणतात असं रेंजरने सांगितलं. ह्यांनी माझा हात धरला होता, हातमोज्यातूनही कळत होतं की घट्ट धरलाय. "अगं, बघितलंस?" एवढंच म्हणाले. आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याच दिवशी होता, हे आम्ही तारखा बघून मुद्दाम जुळवलं होतं आणि जुळवता आलं तर तुम्हीही जुळवा.

बुकिंगच्या वेळी वाढदिवसाचं कळवून ठेवलं होतं. खोलीच्या दारावर कागदी माळ होती, रात्री जेवताना केक आला, आमचा वेटर गोव्याचा निघाला, त्याने कोकणीतून शुभेच्छा दिल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जेवणाचं म्हणाल तर आम्ही शाकाहारी, आदल्या रात्री सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात, पोळीसारखं काहीतरी मिळत होतं. चव बरी. लोणचं आणि मेतकूट मी नेलं होतं, रोज लागलं.

खर्चाचं. बाल्कनीची खोली आम्हाला आतल्या बिनखिडकीच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट पडली, पण अलास्कात बाल्कनीवर पैसे वाचवू नका, वाचवायचे तर किनाऱ्यावरच्या टूर्सवर वाचवा. टिप आपोआप बिलात लागते, आम्ही गेलो तेव्हा माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर होती, ते आधीच धरून चाला. वायफाय वेगळं, दारू वेगळी. सीझन मे ते सप्टेंबर, आम्ही मेच्या शेवटी गेलो तर डोंगरांवर भरपूर बर्फ, पाऊस त्यामानाने कमी, भाडंही जुलैपेक्षा कमी आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड. थर्मल, वाऱ्याचं जॅकेट, पावसाचं जॅकेट आणि दुर्बीण हवीच. दुर्बीण एक नाही, दोन न्या.

एकच बदल करेन, परत जायचं झालं तर व्हँकुव्हरहून चढेन, कॅनडाचा व्हिसा आता आहेच. पण तिशीला ह्यांचं नॉर्वे ठरलंय, फ्लोमच्या गाडीची वेळापत्रकं आत्तापासून काढून ठेवली आहेत, आणि सॅंटोरिनीला मी माझ्या बहिणीबरोबर जाणार, तीन रात्री, हॉटेलात राहून.