लातूर: शाळेतली औषध द्यायची पद्धत, माझ्याकडून ४ स्टार

शाळा बघताना सगळे रिझल्ट विचारतात, स्कॉलरशिपला किती लागले, बस दारापर्यंत येते का, पण मधल्या सुट्टीत लेकराला ताप भरला तर गोळी कोण देणार हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. आधीच्या शाळेत (नाव नाही घेत) एका सरांनी ड्रॉवरमधली गोळी दिली अन् उरलेली पट्टी दप्तरात टाकली म्हणून कळलं की ते निमेसुलाइड (ताप-दुखण्याचं औषध) होतं, १२ वर्षांखालच्या लेकरांना २०११ पासून बंदी आहे त्याच्यावर. हेतू चांगला असंल सरांचा, पण मला लई राग आला.

इथं ॲडमिशनलाच फॉर्म भरून घेतात: वजन, कशाची ॲलर्जी, कोणतं औषध दिलेलं चालेल, अन् खाली सही. घरून औषध पाठवायचं तर मूळ पाकिटात, नाव-वर्ग टाकून, डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत. कागदाच्या पुडीतल्या गोळ्या सिस्टर घेतच नाहीत, माझ्यासमोर एकांना परत दिल्या, ते चिडले पण सिस्टर बरोबर होत्या.

आमच्या पोराला १०१ ताप होता तेव्हा आधी फोन आला, "सकाळी घरून काही दिलंय का?" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, वरून अजून दिलं की डबल डोस, लिव्हरवर येतं. मग वजन बघून दिलं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या २४ किलोला २५० चं (५ मिलीत २५० मिलिग्रॅमवालं) सिरप ५ मिली. बाटली १२० ची पण येते, म्हणून रजिस्टरमध्ये वेळ, ताप, कोणती बाटली, किती मिली, सही, सगळं. पुढचा डोस ४ ते ६ तासांनी, हे डायरीत लिहून दिलं. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही ताप-दुखण्याची दुसरी औषधं ठेवतच नाहीत, पावसाळ्यात डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो म्हणे, अन् ते खरंच आहे.

एक स्टार कापला कारण दम्याच्या लेकरांचा पंप पण त्याच कुलपाच्या कपाटात ठेवतात, चावी ऑफिसात. दम लागल्यावर चावी कुठं शोधत बसायची? पंप लेकराजवळ नायतर वर्गात मॅडमजवळच पाहिजे. शिवाय वजन फक्त जूनमध्ये घेतात अन् फॉर्म निव्वळ इंग्रजीत, खेड्यातून आलेले पालक न वाचताच सही करायलेत. मीटिंगला हे तिन्ही बोललोय, पंपाचं लगेच बघतो म्हणालेत. ॲडमिशनला जाल तेव्हा रजिस्टर बघायला मागा, दाखवतात.