पदवीनंतर लगेच व्यवसाय, की आधी काही वर्षे नोकरी?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘स्वतःचा व्यवसाय कोणाला करायचा आहे?’ असे विचारले की बरेच हात वर होतात, ‘निकालानंतर लगेच?’ असे विचारताच ते खाली येतात आणि उत्तर मिळते, ‘सर, आधी नोकरी, मग बघू.’ या उत्तराला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या घरात शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि धाकट्या भावंडांची फी नव्या पगारावर अवलंबून असते, तिथे व्यवसायाचे पहिले कोरडे वर्ष कोण सोसणार, हाच खरा प्रश्न असतो.

लगेच सुरुवात करणाऱ्याची जमेची बाजू अशी, की बाविसाव्या वर्षी गरजा कमी असतात आणि पडल्यास सावरायला वेळ असतो. भांडवलाबाबत मात्र गैरसमज फार आहेत. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटातील अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १० टक्के रक्कम स्वतः घालावी लागते. अनुदान मिळते, पण ते हातात न पडता तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते. त्या अनुदानातून कच्चा माल घेण्याचा बेत आखणारा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात अडचणीत येतो.

माझी एक विद्यार्थिनी वसतिगृहांच्या खानावळींना शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी पुरवत असे. तिची वही मी पाहिली: डाव्या पानावर दिलेला माल, उजव्या पानावर आलेले पैसे. डावे पान भरलेले होते आणि उजव्या पानावर चारच ओळी होत्या. कागदावर नफा दिसत होता, पण पुढच्या पोत्यासाठी पैसे नव्हते. खेळते भांडवल म्हणजे काय, हे तिला त्या वहीने माझ्या तासांपेक्षा अधिक स्पष्टपणे शिकवले. इतक्या लहान प्रमाणावर सुरू होणारा धंदा शिकता शिकताच करून पाहावा. त्यासाठी नोकरीची वर्षे घालवण्याचे कारण नाही.

यंत्रे, औषधे, बांधकाम अशा क्षेत्रांत मात्र नोकरीचे पारडे निःसंशय जड आहे, कारण तिथल्या चुका महागड्या असतात आणि त्या अनुभवी माणसाच्या हाताखाली राहून टाळायला शिकता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करही मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून मग बेळगावच्या सायकल व्यवसायात पूर्णवेळ उतरले, आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना त्यानंतर, १९१० साली उभा राहिला.

नोकरीचा धोका वेगळा आहे: पगाराबरोबर घरकर्जाचा हप्ताही येतो आणि ‘मग बघू’मधला ‘मग’ लांबत जातो. म्हणून नोकरी करायचीच तर मोठ्या कंपनीतल्या एका टेबलापेक्षा त्याच धंद्यातील लहान पेढी निवडावी, जिथे खरेदीचा भाव ठरताना आणि उधारी वसूल होताना रोज डोळ्यांनी पाहता येते, आणि पहिल्या पगारापासूनच व्यवसायासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी.