हात वर, की सर्वसहमती?

सोसायटीच्या सभेत दोन-चार जण तावातावाने बोलतात, मग सचिव म्हणतात, "हात वर करा." ठराव मंजूर! लेखापरीक्षक नेमायला, रंगाचं कंत्राट द्यायला बहुमत पुरेसं आहे. वेळही वाचतो. पण ज्यांचं ऐकलंच गेलं नाही ते मनात अढी धरतात, पुढच्या सभेला फिरकत नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस काढलेला असतो. २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा मिळून हक्क, मिळवलेलं हे गाव. तिथे ही पद्धत नुसती कागदावर नाही.

सर्वसहमतीला वेळ लागतो, धीरही लागतो. तरी रोजच्या जगण्याला भिडणारा विषय असेल तर मी हीच पद्धत निवडेन. आमच्याकडे पाण्याच्या वेळेवर एकेकाला दोन मिनिटं दिली, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. कधीच न बोलणाऱ्या तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "सहाला पाणी येतं, पण बादल्या उचलणारी बाई साडेसातला येते." कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी आता साडेसातला सुटतं.