बास्केटबॉल जीएम: ड्राफ्टमधली पोरं पारखताना

बास्केटबॉल जीएम, म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर बनून संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम, मी गेले काही महिने रोज खेळतोय. ब्राउझरमध्येच चालतो, फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, पगाराचा मेळ वगैरे सगळं त्यात आहे, पण मी अडकलो तो ड्राफ्टमुळे, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यामुळे, म्हणून बोलतोय तेही त्याबद्दलच.

प्लेऑफ संपले की यादी समोर येते. ३० संघ, दोन फेऱ्या, ६० निवडी. प्रत्येक पोराचे दोन आकडे आधी डोळ्यांत भरतात: आज किती, म्हणजे ओव्हरऑल, आणि पुढे कुठवर जाईल, म्हणजे पोटेन्शियल. नवखा माणूस पोटेन्शियलवर यादी लावतो आणि वरून उचलत सुटतो. पण हे आकडे तुम्हाला खरे दिसतच नाहीत. खेळ मुद्दाम त्यांत थोडी गडबड घालतो, त्याला फझ म्हणतात. शिवाय पोटेन्शियल हा अंदाज आहे, हमी नव्हे. अशी पोरं साधारण कुठवर पोचतात, एवढंच तो सांगतो. दर हंगामानंतर तोही बदलतो.

वय मात्र पक्कं असतं, म्हणून मी आधी वयाचा रकाना बघतो. समजा, १९ वर्षांचा एकजण ४२ वर आहे, पोटेन्शियल ६५. त्याच्याखाली २२ वर्षांचा, ५० वर, पोटेन्शियल ६०. या खेळात ४५ च्या पुढचा बेंचवर चालून जातो, ५५ च्या पुढचा सुरुवातीच्या पाचांत शोभतो. म्हणजे २२ वाला उद्यापासून कामाचा. १९ वाला दोन वर्षं नुसती जागा अडवणार, आणि जागा मोजून १५. त्यात पहिल्या फेरीचा करार तीन वर्षांचा. पीक हाताशी येईतो करार संपतो आणि गडी पूर्ण पगार मागायला बसतो! तरीही मी बहुतेकदा १९ वालाच घेतो, पण ठेवायला नाही. एका उन्हाळ्यात त्याने उडी मारली की समोरचे संघ त्याच्या पोटेन्शियलवर भाळतात आणि बदल्यात तयार खेळाडू देतात. नाही मारली तर मात्र सांभाळत बसायचं.

वयानंतर उंची. ती जवळपास बदलतच नाही, जी आहे तीच धरून चालायचं. नेमबाजी आणि खेळाची समज वयानुसार सुधारते. वेग आणि उडी आधी उतरतात. त्यामुळे ज्याची सगळी मदार वेगावर आहे असा २२ वर्षांचा गार्ड माझ्या यादीत खाली जातो, आणि अजून नेम न बसलेला उंच पोरगा वर.

स्काउटिंगवर, म्हणजे नवी पोरं हेरणाऱ्या खात्यावर, पैसे ओतले की फझ कमी होतो, पण या खात्याची पातळी तीन हंगामांच्या खर्चावर ठरते, आणि उपयोग वर्षातून एकदाच. तोच पैसा कोचिंगला दिला तर अख्ख्या संघाची वाढ सुधारते. मी स्काउटिंग तळाला नेऊन ठेवलंय.

दुसऱ्या फेरीत फार डोकं चालवू नका, सर्वांत लहान वयाचा उचला. हंगाम सुरू व्हायच्या आत सोडलं तर पैसेही जात नाहीत. (खऱ्या एनबीएमधला, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, मोठा तारा निकोला योकिच २०१४ साली ४१ व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीतच, निवडला गेला होता, त्यामुळे आशा सुटत नाही हे खरं.)

खटकतं ते एवढंच, की पोराचा खेळ बघायला मिळत नाही. सगळी पारख आकड्यांवरच. आणि लीग ब्राउझरमध्येच साठते, तेव्हा अधूनमधून एक्स्पोर्ट करून ठेवा.

फझ सेटिंगमधून बंद करता येतो. मी करून पाहिला. यादी स्वच्छ दिसते, निवड पाच मिनिटांत उरकते, आणि विचार करायला काही उरत नाही. पुन्हा चालू केला.