तयार चौकोन की वारावर कापड? नऊ महिने आणि तीन क्विल्टनंतर

खरं सांगायचं तर क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी, मी तयार कापलेले तुकडे घेतले ते कापायच्या कंटाळ्याने. चार चार्म पॅक (कापून ठेवलेल्या चौकोनांचे गठ्ठे), एकाच मालिकेतल्या छाप्यांचे, प्रत्येकात ५ इंची ४२ चौकोन. म्हणजे १६८ तुकडे, १२ बाय १४ची मांडणी. फित सोडून जमिनीवर पसरले आणि सबंध संध्याकाळ नुसती फिरवाफिरवीत गेली. वाचला तो वेळ कापण्याचा कमी आणि रंग जुळवण्याचा जास्त. बारा छापे शेजारी ठेवून डोकं धरून बसायचं काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

हिशेब मात्र नंतर लक्षात आला. चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत गेलं की ५चा चौकोन साडेचारचा उरतो. क्षेत्रफळात मोजलं तर १९ टक्के कापड शिवणीत गडप. आणि एक पॅक म्हणजे ४२ इंच पन्ह्याचं फक्त ०.७ वार कापड. माझ्या चार पॅकांचा क्विल्ट भरला ५४ बाय ६३ इंच. सोफ्यावर पाय झाकायला ठीक, पलंगाला अपुरा.

मग पॅकमधल्या चौकोनांच्या त्या दातेरी कडा. ५ इंच मोजायचे ते दाताच्या टोकापासून की खाचेपासून? मी टोकाला टोक लावून शिवत गेले. ओळी जोडायला घेतल्या तर एक ओळ दुसरीपेक्षा पाऊण इंच लांब! एका पॅकमधले चौकोन टोकाटोकांत बरोबर ५ होते, दुसऱ्यातले १/१६ इंच मोठे. एका तुकड्यात हा फरक दिसतही नाही, बारा तुकड्यांत तोच पाऊण इंच होतो. तीन ओळी उसवल्या. आता नवा पॅक उघडला की आधी पट्टी लावून बघते. (त्या दातांमधून झडणारा भुसा काळ्या कपड्यांवर काय बसतो, ते वेगळंच.)

सगळ्यात महागात पडलं ते धुणं. वारावरचं कापड घरी आणलं की मी आधी धुते. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं आणि जास्तीचा रंगही निघून जातो. तयार तुकडे तसे धुता येत नाहीत. मी तयार मिळणाऱ्या अडीच इंची पट्ट्या धुवायचा प्रयत्न एकदाच केला. धागे सुटून असा गोळा झाला की कात्रीच घ्यावी लागली. दुसऱ्या क्विल्टला मधले चौकोन न धुतलेले आणि बॉर्डर धुतलेल्या कापडाची, असं केलं. पहिल्याच धुण्यात मधला भाग आटला, बॉर्डर तेवढीच राहिली आणि चारी बाजूंना लाटा उठल्या. भरीला गडद मरूनचा रंग शेजारच्या क्रीम चौकोनांना लागला.

वाराच्या कापडाचंही कौतुकच आहे असं नाही. पन्हा ४२ असला तरी किनार सोडून ४० धरलेला बरा. घडी सरळ नसेल तर लांब पट्टी उघडल्यावर मधोमध वाकलेली निघते. मी अशा सहा पट्ट्या वाया घालवल्यात. आणि उरलेल्या कापडाने कपाट भरतं. पण चुकलं तर पुन्हा कापता येतं, हे एवढं एक सुख पॅकमध्ये नाही. मोठा छापा असेल तर ५ इंची तुकडा घेऊच नका: पाखराची मान एका चौकोनात, शेपूट तिसऱ्यात.

तिसऱ्या वेळी मधला मार्ग धरला. छापे फॅट क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव वाराच्या १८ बाय २२ इंची तुकड्यांत. त्यातून ५ इंची १२ चौकोन निघतात. तेवढंच पाव वार आडवं, ९ बाय ४४चं घेतलं तर फक्त ८. पार्श्वभूमीचा रंग, बॉर्डर, बाइंडिंग (कडा बंद करणारी पट्टी) आणि मागची बाजू सगळं वारावर. बॉर्डर उभ्या धाग्यावर कापली, कारण आडव्या धाग्यावर कापड थोडं ताणतं. हा क्विल्ट धुऊनही सपाट राहिला.

तरी परवा एक चार्म पॅक घेतलाच, निळ्या-करड्या छटांचा. फित अजून सोडलेली नाही.