‘ताकाराजिमा’चा स्कोअर: कोकणातल्या बँडला झेपेल का?

‘ताकाराजिमा’ ही जपानी धून. मूळ १९८६ ची, हिरोताका इझुमी यांनी द स्क्वेअर या फ्यूजन (जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाच्या) गटासाठी बांधलेली. पुढच्याच वर्षी ‘न्यू साउंड्स इन ब्रास’ मालिकेसाठी तोशिओ माशिमा (१९४९–२०१६) यांनी ती सांबा या ब्राझिलियन नृत्यठेक्यात फुंकवाद्यांच्या बँडवर चढवली. अभियांत्रिकीचं शिक्षण सोडून ते यामाहाच्या नेमू संगीतशाळेत ट्रॉम्बोन शिकले. हवेच्या वाद्यांना कुठे श्वास लागतो, हे त्यांच्या लिखाणात ठायी ठायी जाणवतं. स्वरलिपीचा हा संच उत्तम आहे. पण तो मोठ्या बँडसाठी लिहिलाय. लग्नाच्या दहाजणांच्या ताफ्याने तो जसाच्या तसा घेऊ नये.

आपल्याकडे अडतं ते फ्रेंच हॉर्न (गोल नळीचं पितळी वाद्य) आणि बसून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) यांच्यावर. हॉर्नचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहिला की आल्टो सॅक्स तो त्याच उंचीवर वाजवते. बसूनचा पार्ट बॅरिटोन सॅक्सला द्यायचा तर बास क्लेफच्या (खालच्या स्वरांच्या चिन्हाच्या) जागी ट्रेबल (वरच्या स्वरांचं चिन्ह) समजून वाचायचा आणि सुरुवातीला तीन शार्प वाढवायचे, जिथे सुट्टे शार्प-फ्लॅट असतील तिथे डोळे उघडे ठेवून. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचणारे वादक असतील, तर हे एका बैठकीत उरकतं.

खरी परीक्षा ठेक्याची. सुरुवातच आगोगोने, म्हणजे दोन सुरांच्या जोडघंटेने होते. तो नसेल तर गुरांच्या गळ्यातल्या दोन वेगळ्या सुरांच्या घंटा लाकडी पट्टीवर घट्ट बांधा. सैल राहिल्या तर सूर घुमत राहतो आणि ठेका पुसट होतो. सांबात ढोलाचा भार दुसऱ्या मात्रेवर पडतो. वरातीच्या सवयीने मोठा ढोल पहिलीवर आपटला, की सगळं गाणं मिरवणुकीसारखं चालू लागतं आणि मात्रेच्या थोडे आधी उचललेले स्वर चुकल्यासारखे ऐकू येतात. म्हणून पहिल्या तालमी ढोल, आगोगो आणि ट्यूबा (खर्जाचं मोठं पितळी वाद्य) एवढ्यांच्याच घ्या.

आल्टो सॅक्सचा सोलो (एकट्याने वाजवायचा भाग) पूर्ण लिहून दिलाय. पावसाळ्यात दमट हवेने जी-शार्पची कळ चिकटते आणि ऐन सोलोत दगा देते. वाजवण्याआधी कळीच्या पॅडखाली (भोक झाकणाऱ्या गादीखाली) टिपकागद ठेवून हलके दाबा, मग कळ उघडून कागद काढा. दाबलेला कागद ओढू नका, पॅडची कातडी फाटते.

सांबा नकोच असेल, तर माशिमांचाच ‘मे महिन्याचा वारा’ मागवा. अखिल जपान बँड स्पर्धेत १९९७ साली नेमलेल्या रचनांत तो होता.